बादलीतला सांबार

"सांबार!" दादाजी म्हणाले, आणि त्यांच्या उशाशी नुकतीच टेकलेली वच्छला गुडघे धरून पुन्हा उठली.

"थांबा वो जरा. बोटभर झाला आता," असं नवऱ्याला समजावत ती गॅलरीत गेली. तिथं डिस्टेंपरच्या रिकाम्या बादलीत तिचा सांबार होता. गडचांदूरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर ना परसातली वाडी होती ना वाफा, म्हणून बादली. मुलानं, निकेशनं, सळई तापवून बादलीच्या बुडाला भोकं पाडून दिली होती आणि गावाकडची माती सिमेंटच्या पोत्यात भरून आणली होती. वच्छलानं चपलेखाली धने रगडून पेरले. पहिली पेर उन्हानं करपली, म्हणून दुसरी केली. रात्रीतून कोवळ्या पानांवर सिमेंट कारखान्याची राखाडी भुकटी बसायची. मग ती जुन्या लुगड्याचं फडकं बांधून सावली करायची, आणि ओल्या बोळ्यानं एकेक पान पुसत बसायची, नातवाचं तोंड पुसावं तसं. या कामात सकाळ कशी सरायची ते तिला कळायचंही नाही.

लकव्यानं दादाजींची उजवी बाजू नेली आणि जिभेवरचे सगळे शब्दही नेले. मागं ठेवला तो एकच. माणसाचं नशीब बघा, देवाचं नाव राहिलं नाही, पोराचं राहिलं नाही. राहिलं काय, तर सांबार! दवाखान्यातला डॉक्टर कोल्हापूरकडचा. तो म्हणाला, "मागतायत तर द्या की थोडं इडली-सांबार." निकेश बिचारा कॅन्टीनमधून डबा भरून घेऊनही आला. एवढ्या दुःखात वच्छलाला हसू फुटलं.

"अरे बाबू, तो नाई. आपला सांबार. तो डाक्टर ज्याले कोथिंबीर म्हणते ना, तो."

मग बाजारातली हिरवीगार जुडी आली. वरणावर भुरभुरली, तर दादाजींनी तोंड फिरवलं. चटणी वाटली, तर ओठ घट्ट मिटले. तसे ते जन्मभर भाजीतला सांबार वेचून ताटाच्या कडेला लावणारे. पण सून दिव्यानी म्हणाली, बिमारीत माणसाची चव पालटते. वच्छलाला ते पटलं. बाजारातल्या जुडीला वास कुठे असतो? त्यांना वाडीतला हवा असेल, गावच्या मातीतला. घास तर दिवसेंदिवस कमीच उतरत होता. एवढ्या मोठ्या संसारात या माणसानं तिच्याजवळ कधी काही मागितलं नव्हतं. आता मागत होता तो चिमूटभर पाला, आणि तिला तेवढाही देता येत नव्हता. जीव तळमळायचा तिचा.

अखेर बादली हिरवी झाली. वच्छलानं नखानं खुडून खुडून वाटीभर सांबार काढला, धुतला, मऊ भातावर पसरला. खोलीभर वास सुटला. ती दादाजींच्या उशाशी आली, घास ओठांना लावला.

त्यांनी डाव्या हातानं तो दूर सारला.

"सांबार!" ते म्हणाले. या खेपेला रागानं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अवो, हाच तं आहे सांबार! अजून कुठून आणू मी?" वच्छला रडत ओरडली, आणि पदर तोंडाला लावून गॅलरीत निघून गेली. रडून झाल्यावर तिनं बादलीच्या मोकळ्या कडेला पुन्हा धने टोचले. दुसरं तिच्या हातात तरी काय होतं?

त्यानंतर दादाजींचा तो शब्दही गेला. डोळे मिटलेले, नुसता श्वास. डॉक्टरनं जवळच्या माणसांना बोलावून घ्या म्हटलं, तशी अहेरीहून त्यांची धाकटी बहीण, बायनाबाई, पहिल्याच गाडीनं आली. तिला बघताच वच्छलाचा बांध फुटला. बादलीपासून भातापर्यंत सगळं तिनं सांगून टाकलं.

"एकच चीज मांगतली त्यायनं, बायनाबाई. तेवढीबी मी देऊ नाई शकली."

बायनाबाईला नवल वाटलं.

"वयनी, भाऊनं कवा खाल्ला वो सांबार?"

"मंग काऊन मांगत होते?"

"तू नवी नवरी होती. घरभर माणसं, दिवसा नवऱ्यासंग बोलाची सोय नाई. भाऊ वावरातून आला का मागच्या दारी येऊन माह्या कानात सांगे, 'सांबार'. मंग मी मायले जाऊन म्हणत होती, 'माय, भाऊ सांबार मांगते वो!' का माय तुले धाडे वाडीत, तोडाले. तुले वाटे, तो हात-पायच धुवाले आला तिथी." बायनाबाईनं डोळे पुसले. "आमचा इशारा होता तो. सांबार म्हणजे, तिले माह्याजवळ धाड."

वच्छलाला वालाचा मांडव आठवला. त्याच्याखाली चोरून बोललेले दोन शब्द आठवले. ती सगळी गाठभेट म्हणजे नुसता योगायोग, असंच ती आजवर समजत आली होती. तिला हसू आलं, या वयात, या वेळी, लाजही वाटली. मग तिनं खाटेकडं पाहिलं. दोन महिने हा माणूस तिला जवळ बोलावत होता, आणि त्याच्या प्रत्येक हाकेला ती त्याच्याजवळून उठून गॅलरीत गेली होती.