हिंदुरावचा कान

कंपनीच्या फोर्जिंग शॉपमध्ये, तापलं लोखंड ठोकायच्या खात्यात, चौदा वर्षं हॅमर चालवून हिंदुरावचे दोन्ही कान या वर्षी पुरते गेले होते, आणि हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा. गुरुवारच्या सुट्टीला तो निगडीतल्या घरासमोर गाड्या दुरुस्त करायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि नुसत्या आवाजावर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बसवायचं, ही त्याची जुनी ख्याती. कान गेल्याचं कळलं, तर गिऱ्हाईक तुटलं असतं. आज अण्णासाहेबांच्या फियाटमध्ये त्यानं नवा, रेसचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, बसवला होता; आता टायमिंग नव्यानं जुळवायचं होतं. “टायमिंग पुढं घेऊ का मागं? घाटात ओढणारी गाडी पायजे का सपाटीला पळणारी?” त्यानं विचारलं. “तुमचा कान म्हणेल तशी,” अण्णासाहेब म्हणाले. इंजिन सुरू झालं. हिंदुरावनं स्क्रूड्रायव्हर एका कानाला लावला, मग दुसऱ्याला. काहीच नाही. बोटंही हॅमरनं बधिर केलेली, इंजिनाची थरथरसुद्धा कळेना. त्यानं मान वर केली. उंबऱ्यात तांदूळ पाखडणाऱ्या बायकोनं सूप खाली ठेवून कानांवर हात दाबले होते. तिच्याकडे बघत तो ठिणगीची वेळ पुढंमागं करणारा डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवू लागला. तिच्या कपाळावरची आठी गेली. एक हात खाली आला, मग दुसरा. तिनं सूप उचललं, तेव्हा त्यानं बोल्ट आवळला. “काय कान आहे राव तुमचा!” अण्णासाहेबांचे ओठ हलले. “व्हय,” हिंदुराव म्हणाला, पण बघत होता बायकोच्या हातांकडे.