न उचललेला ठोकळा

"चारात एकदा तरी जिंकशील असं वाटलं, तरच ठोकळा घे. न्हाईतर हात जोड आन् ऊठ. हरल्या डावावर बसून ऱ्हायचं न्हाई, शालन."

आबांनी हे शिकवलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आता बावन्नची. समोर आबाच होते आणि मधला पटही तोच. लोणावळ्याच्या बंगल्यात आबा तीस वर्षं राखणदार होते. जोडीदार नसला की मालक केकी शेठ त्यांनाच बॅकगॅमन खेळायला समोर बसवायचा. बंगला विकला तेव्हा पट त्यांच्या हातात ठेवून गेला. फासे टाकायचे, सोंगट्या घरी आणायच्या, आधी ज्याच्या सगळ्या पटाबाहेर पडतील तो जिंकला. ज्याचा डाव वर चढेल त्याने आकड्यांचा ठोकळा पुढे सरकवून "दुप्पट" म्हणायचं. समोरच्याने ठोकळा घेतला तर दहाचे वीस रुपये. नाही घेतला तर दहा देऊन डाव तिथेच संपला.

आज शालनचं लक्ष रुपयांवर नव्हतं.

सकाळीच विकासचा फोन आला होता. "ताई, आज नीट बघ आणि संध्याकाळी सांग. वृद्धाश्रमवाले खोली उद्यापर्यंतच धरून ठेवणार आहेत." आई गेल्यापासून आबा वडिवळ्याला एकटेच होते. शेजारच्या चंपाने दोनदा कळवलं होतं, गॅसवर दूध करपलंय आणि आबांचा घरात पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले होते, पाठ असलेल्या गोष्टी विसरतात का, तेवढं बघा.

या खेळाइतकं आबांना दुसरं काही पाठ नव्हतं. आणि गेले तीन रविवार ते ठोकळा विसरत होते. डाव पुरता हातात आलेला असायचा, तरी "दुप्पट" म्हणायचे नाहीत. नुसते फासे खुळखुळवत राहायचे. चारच्या आत मिटायचा तो डाव पाचपर्यंत रेंगाळायचा. विकासला तिने हे अजून सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर खोली तेव्हाच पक्की झाली असती.

आज पूजा करताना तिने देवाकडे एवढंच मागितलं होतं, की एकदा तरी त्यांना ठोकळा आठवू दे.

पावणेचार झाले. आबांच्या निम्म्या सोंगट्या पटाबाहेर होत्या. तिच्या दोन अजून पलीकडच्या टोकाला. ठोकळा दोघांच्या मध्ये, जागचा हललेला नाही. आबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि फासे तिच्यापुढे सरकवले.

"टाक की. किती इचार करतीस? तवर भात शिजंल."

तिने फासे उचलले आणि परत ठेवले. तिला राहवेना.

"आबा, ठोकळा."

"हाय की. हितंच हाय."

"उचलायचा व्हता. मागच्या रविवारी बी ऱ्हायला. इसरलात का?"

आबा हसले. मग हसू तसंच ओठांवर राहिलं आणि डोळे पटावर उतरले.

"न्हाई गं इसरलो. दुप्पट म्हणलं की तू हात जोडून उठणार. मीच शिकिवलंय तसं. मग चारची जीप गावती तुला. न्हाई म्हणलं, तर पाचची."

बाहेर चंपाची कोंबडी ओट्यावर चढून ओरडत होती.

"आन् ते दूध?"

"त्ये व्हय? रविवारी दहापास्नं जीपा सुरू व्हत्यात. हार्न वाजला की मी फाट्यावर पळतो. तू येतीस एकच्या जीपनं. मधल्या जीपा बघायच्या ऱ्हायल्या, तर कसं चालंल?"

ती पदराने पट पुसू लागली. पट स्वच्छच होता.

"आबा, आज म्हणा."

"काय म्हणू?"

"दुप्पट."

आबांनी ठोकळ्यावर बोट ठेवलं. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवावं तसा तो सावकाश पुढे सरकवला. दोनचा आकडा वर केला.

"दुप्पट," ते म्हणाले. आणि तिची पिशवी आणून द्यायला उठू लागले.

चारात एकदा सोडाच, शंभरात एकदाही हा डाव ती जिंकली नसती. तिने ठोकळा उचलून आपल्या बाजूला ठेवला.

"घेतला."

"अगं, येड लागलं का काय! हरशील."

"हरू द्या. बसा तुमी. आन् दुप्पट म्हंजे सगळंच दुप्पट. रविवारच्या जोडीला आता गुरुवार."

"गुरुवारी तुझा उपास असतो. दत्ताचं देऊळ, पोथी..."

"उपास हितं बी घडतो. फासं टाका."

ती हरली. वीस रुपये आबांनी मोजून घेतले, सोडले नाहीत. सहाच्या जीपमध्ये बसल्यावर तिने विकासला फोन लावला. "खोली सोडून दे. आबा काही विसरलेले नाहीत. माझ्या जीपच्या वेळासुद्धा नाहीत."

गुरुवारी सकाळी वडगावच्या देवळात दत्ताची आरती झाली. बायका पोथी ऐकायला मांडी घालून बसल्या. शालनने तीर्थ घेतलं. आपली पोथी पिशवीत ठेवली, तिच्याशेजारी रविवारी रुमालात बांधून आणलेला ठोकळा ठेवला आणि हळूच चपला घालून ती कामशेतच्या गाडीसाठी स्टेशनकडे निघाली. तिला तिथून वडिवळ्याची दहाची जीप गाठायची होती.