हिरव्या पाटीची गाडी

"जनरेटर बंद पडला तर तुला त्याच्यातच कोंबीन," वाल्मीक म्हणाला.

मांडववाला संतोष हसला नाही. त्याने पत्र्यामागे जनरेटर लपवला होता, पुढे द्राक्षांचे रिकामे क्रेट रचले होते आणि त्यावर मांडवाचं गुलाबी कापड ताणलं होतं. "नाय पडत, नाना. आन वारं हायवेकडनं हाय. धूर मागं बागेत जातोय. म्होरं वास बी यायचा नाय."

पिंपळगावच्या पुढे, हायवेला लागून, गावाचं चार्जिंग स्टेशन उभं राहिलं होतं. स्टेशन म्हणजे पत्र्याची एक शेड, विजेच्या गाड्या चार्ज करायचं एक यंत्र आणि यंत्राच्या दुप्पट मोठा वाल्मीकचा हात जोडलेला फोटो. नव्हती ती फक्त वीज. मोठ्या जोडणीसाठी अर्ज करायचा असतो, तो वाल्मीकने केलाच नव्हता. "अर्ज गेलाय, अर्ज गेलाय" असं तो वर्षभर इतक्या वेळा बोलला होता की अर्ज गेला असावा, असं आता त्यालाही वाटत होतं. जनरेटरवर यंत्राचा पडदा उजळायचा, निळे दिवे लुकलुकायचे. खरीखुरी गाडी जोडली असती तर सगळंच झोपलं असतं.

उद्घाटनाला पक्षाचे तालुक्यातले पुढारी भाऊसाहेब येणार होते. पंचायत समितीचं तिकीट त्यांच्या खिशात. त्या तिकिटासाठी वाल्मीकने काय केलं नव्हतं? ओळख नसलेल्यांच्या मयतीला पुढे उभा राहिला, न बोलावलेल्या लग्नांत फेटा बांधून फिरला, भाऊसाहेबांच्या कुत्र्याच्या वाढदिवसाला बॅनर लावला. आता भाऊसाहेबांच्या डोक्यात विजेच्या गाड्या शिरल्या होत्या. रोज सकाळी फोनवर त्यांचा व्हिडिओ. गाडीतून उतरायचं, हात जोडायचे, म्हणायचं, "धुराचा जमाना गेला." ज्याच्या गावात स्टेशन, त्याला तिकीट, असं ते बैठकीत बोलून गेले होते. अशा माणसासमोर डिझेलचा जनरेटर उघडा पडला की वाल्मीक संपला.

एका बाबतीत मात्र त्याला देव पावला होता. भाऊसाहेबांचा ड्रायव्हर सनी याने सकाळीच फोन केला होता. "डीजे दणक्यात पायजे, नाना. आवाज कमी असला की भाऊंचं डोकं फिरतं."

जनरेटरची घरघर झाकायला वाल्मीकला डीजे हवाच होता. तो म्हणाला, "भाऊंसाठी कायपण."

गाडी आली. पांढरीफेक, उंच, विजेच्या गाडीला असते तशी हिरवी नंबरप्लेट. डीजेने पत्रे हादरवले. भाऊसाहेब उतरले आणि वाल्मीक असा वाकला की पाठीला कणा आहे का, ही गावाची शंका कायमची फिटली. सनी मात्र गाडीतच बसून राहिला. भाऊंना परत येताना सीट थंड लागते, त्यामुळे एसी बंद करायचा नसतो म्हणे.

वाल्मीकची चुलती नवसाबाई ताट घेऊन पुढे आली. तिने बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"आगं बया. तव्यावानी तापलीया."

"ऊन हाय, काकू. ओवाळ आन बाजूला हो."

तिने अक्षता टाकल्या. तांदळाचे दाणे बॉनेटवर थरथर नाचायला लागले. डीजेवाला आज मनापासून लागलाय, असं वाल्मीकला वाटलं.

आणि मग तो वास आला. डिझेलचा, चांगला घशात बसणारा. वाल्मीकने मान वळवून संतोषला डोळ्यांनीच आईवरून शिवी दिली. संतोषने खांदे उडवले आणि बोटाने वाऱ्याची दिशा दाखवली.

भाऊसाहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"ट्रक असतील, भाऊ," वाल्मीक चाचरला. "हायवे हाय ना."

"ट्रकच," भाऊसाहेब चटकन म्हणाले. "दुसरं काय असणार?"

फीत कापली, नारळ फुटला. यंत्राची जाड वायर सावकाश उलगडत वाल्मीक वेळ काढत होता. इतक्यात सनीने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "लावायची नाय, नाना. गाडी फुल्ल हाय. नुसती धरा आन फोटू काढा."

वाल्मीकला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

"मित्रांनो," भाऊसाहेब माइकवर म्हणाले, "वर्ष झालं, मी डिझेलला शिवलो नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. समजलं म्हणून नव्हे, जेवण पुढे होतं म्हणून.

"आमचा टेम्पो व्हईल का रं यावर चार्ज?" नवसाबाईने विचारलं.

"काकू, गप."

भाषण संपलं, डीजेचा आवाज पुन्हा चढला. भाऊसाहेबांनी सगळ्यांदेखत वाल्मीकच्या खांद्यावर हात ठेवला. "तिकीट तुझं," ते म्हणाले आणि पंगतीकडे गेले. वाल्मीक तिथेच उभा राहिला. पुतळा झाल्यावर आपण कसे दिसू, हे त्याच्या डोळ्यांसमोर तरळत होतं.

कुणीतरी त्याची बाही ओढली. सनी होता.

"नाना, जरा पत्र्यामागं चला."

वाल्मीकने बाही सोडवून घेतली. "तिकडं काय हाय? तिकडं बाग हाय."

"जनरेटर हाय. आल्या आल्या वळखलं मी."

पत्र्यामागे जाईपर्यंत वाल्मीक रडायच्या बेताला आला होता. तिकीट हातात येऊन निसटत होतं, तेही एका ड्रायव्हरच्या तोंडामुळे. त्याने सनीचे दोन्ही हात धरले. "भाऊंना सांगू नको, राजा. तू म्हणशील ते करतो. माझं आयुष्य हाय रं यात."

सनीने इकडे तिकडे पाहिलं, शर्टाखालून प्लास्टिकचा रिकामा कॅन काढला आणि वाल्मीकच्या हातात दिला.

"बोंबलू नका. एवढ्यात डिझेल भरून द्या. काटा लालला टेकलाय, आन हिरवी पाटी लावून मला पंपावर जाता येत नाय."