लेकीची रजा

"मला नाही जायचं शाळेत," लेक म्हणाली आणि तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

तो दारात उभा होता. हातात तिचा डबा होता, तोही रिकामाच. भरायचा राहून गेला होता. "बरं," तो म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही. बायको गेल्यापासून त्याला काही सुचतच नव्हतं. रडूही आलं नव्हतं. माणसं भेटायला येत, बोलून जात, आणि दार लागलं की कोण आलं होतं हेही त्याला आठवत नसे.

दुपारी थोरल्या बहिणीचा फोन आला. "पोरीने धसका घेतलाय रे. शाळा काय पळून जातेय? नाहीतरी सुट्टी तोंडावर आलीय. घेऊन ये तिला इकडे. मग तिच्या मामाकडे जा, आजोळी जा. चार ठिकाणी फिरली की बरी होईल."

तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. साहेबांकडे गेला, म्हणाला, "लेकीसाठी रजा हवीय, म्हणजे..." साहेबांनी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "घे, घे. हवी तेवढी घे."

गाडीत लेकीने खिडकी सोडली आणि दाराच्या बाजूला, त्याला चिकटून बसली. फलाटावर तिने त्याच्या शर्टाचं टोक घट्ट धरून ठेवलं. एवढी मोठी घोडी झाली, पण सोडायला तयार नाही. पोर फारच घाबरलीय, त्याच्या डोक्यात आलं. नुसतं डोक्यात आलं. आत काही हललं नाही.

"पोरीची नुसती काडी झालीय!" बहीण दारातच म्हणाली. भाताचा डोंगर मात्र तिने त्याच्या ताटात वाढला. लेक समोर बसून होती. त्याचं ताट रिकामं होईपर्यंत ती उठली नाही. त्यानेही घास गिळले. कसले होते ते त्याला सांगता आलं नसतं.

मामाकडे असताना लेकीने नवंच काढलं. सकाळी तीच त्याला हलवून उठवायची. "बाबा, उठा, अभ्यास." वर्गात गणितात पहिली येणारी ही पोर अर्धा आणि पाव यांची बेरीज चुकवायची. मग तो पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचा. आई गेली आणि हिचं गणितही गेलं, असं त्याने मामाला सांगितलं. मामा नुसता मान हलवत राहिला.

एकदा तिने विचारलं, "बाबा, लिफ्ट एवढी जड, मग वर कशी जाते?"

"दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन असतं. ते खाली येतं, लिफ्ट वर जाते."

"मग ते वजन आपल्याला का दिसत नाही?"

"भिंतीआड असतं." तो बराच वेळ बोलत राहिला. कप्पी, दोर, ब्रेक, सगळं. बायको गेल्यावर एका दमात तो पहिल्यांदाच एवढं बोलला होता. बोलून झाल्यावर त्याला थकवा आला आणि दुपारभर गाढ झोप लागली.

आजोळी सासऱ्यांची परसात बाग होती. त्यांचीही लेक गेली होती, पण त्यांनी तो विषय काढला नाही. त्याच्या हातात कुदळ दिली आणि म्हणाले, "एवढा तुकडा खणून द्या." त्याने खणला. लेकीने घेवड्याचं बी टोचलं. "पाणी तुम्हीच घालायचं हं, बाबा," ती म्हणाली. "मी विसरते." म्हणून रोज सकाळी त्याला उठावंच लागे. वेल काठीवर चढले, फुलले. एका संध्याकाळी त्याने सहज एक कोवळी शेंग तोडून तोंडात टाकली. ती गोडसर लागली.

रात्री जेवताना तो म्हणाला, "भाजीत मीठ जरा कमी पडलंय का?"

सासूबाईंनी आणि लेकीने एकमेकींकडे पाहिलं. लेक फिसकन हसली. यात हसण्यासारखं काय आहे ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, शाळा सुरू झाली असेल ना? जाऊ या आता."

मोठ्या बाईंच्या खोलीत तो एकटाच गेला. लेक बाहेर बाकावर बसली. काय बोलायचं ते त्याने वाटेत घोकून ठेवलं होतं. "माफ करा, बाई. सुट्टीआधीचे बरेच दिवस बुडाले. मी साधं कळवलंही नाही. पोर अजून पुरती सावरलेली नाही. जरा सांभाळून घ्या तिला."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही कळवलं नाहीत, पण ती रजा मागूनच गेली होती."

"कोण?"

"तुमची लेक. मधल्या सुट्टीत इथे येऊन उभी राहिली. म्हणाली, 'बाई, बाबा गॅस चालूच ठेवतात. रस्ता न बघता ओलांडतात. त्यांना एकटं ठेवता येणार नाही. पण त्यांना सांगू नका. मलाच शाळा नकोय असं त्यांना वाटू दे.' तुमच्या बहिणीचा नंबरही तिनेच दिला. मी त्यांच्याशी फोनवर बोलले, म्हणून तुम्हाला काही विचारलं नाही."

तो खुर्चीत बसला. दाराच्या फटीतून बाकावरची लेक दिसत होती. ती पाय हलवत बसली होती. बघता बघता ती त्याला धुरकट दिसायला लागली. त्याने तळहाताने डोळे पुसले, ते पुन्हा भरले. रडणं त्याच्या ओळखीचं राहिलं नव्हतं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"आणखी काय म्हणाली?" त्याने कसंबसं विचारलं.

"जाता जाता दारातून वळली आणि म्हणाली, 'बाबा बरे झाले की मीच त्यांना घेऊन येईन.'"