दारावरची गाडी

वीरच्या ठेसनासाठी महिपतने आपलं भातशेत हसत हसत दिलं होतं. "शहर वसंल हितं! मुंबयचा आपला किसन थेट दारात उतरंल गो," असं तो तेव्हा धोंडूबाईला सांगायचा.

आज धोंडूबाईची तिरडी बांधून झाली आणि किसनचा फोन आला. "आबा, ही एक्सप्रेस वीरला थांबत नाय. खेडला उतरून मागं येतो. तोवर थांबा."

वर आभाळ भरून आलं होतं. वाडीत उरलेले म्हातारे तीन, म्हणून चौथा खांदा महिपतनेच दिला.

मसणवटा रुळांपलीकडे. भोंगा वाजला तशी तिरडी थांबली. एक्सप्रेस धडधडत निघून गेली.

महिपतने मान वळवली. "अगो, तुझा किसन दारावरनं गेला बघ."