झिपऱ्याच्या छातीवरचा पट्टा

"उद्या टेम्पो आला की ह्या ऐतखाऊला आत चढवून दे," आसाराम म्हणाला आणि त्याने तिसरी भाकरी ताटात ओढली.

ऐतखाऊ म्हणजे झिपऱ्या. ऊन डोक्यावर आलं तरी तो चुलीशेजारी चारी पाय पसरून ढाराढूर झोपला होता. श्रीगोंद्याच्या एका पोल्ट्रीवाल्याला दारात बांधायला कुत्रं हवं होतं, आणि आसारामने परस्पर शब्द देऊन टाकला होता. त्याच्या बायकोला, रंगुबाईला, ते मुळीच पटेना. डोळेही न उघडलेल्या त्या पिल्लाला तिने कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजून जगवलं होतं. उघड्या रानात वाढलेला जीव साखळीला कसा जगणार?

"आवं, पन लांडगं आलं तर?"

"लांडग्यापास्नं मेंढरं कोन राखतं रातभर? मी! हे बेनं राती कुटं उलथतं, देवाला ठावं."

आसाराम रात्रभर मेंढरं राखतो हे सगळ्या रानाला माहीत होतं, कारण तो स्वतःच रोज सांगायचा. त्या जागरणापायी त्याला सकाळी उशिरापर्यंत झोप लागे. उठल्यावर गरम भाकरी लागे, भाकरीवर तूप लागे, आणि मग मेंढरांमागे रंगुबाईलाच जावं लागे. दिवसभर चालून ती अशी थकायची की अंथरुणाला पाठ टेकली की थेट सकाळच. नवऱ्याचं जागरण तिने कधी पाहिलं नव्हतं. पण घरच्या माणसावर शंका तरी किती घ्यायची!

त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टर दिशा आल्या. जनावरांच्या डॉक्टर. खर्ड्याच्या आसपास मेंढपाळांच्या वस्त्यांवर हिंडून त्या राखणीच्या कुत्र्यांची हृदयं तपासत होत्या. ऊर फुटेस्तोवर पळणाऱ्या कुत्र्याच्या काळजाचं काय होतं, अंगात सूज किती चढते, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. कुत्र्याच्या छातीला एक पट्टा बांधायचा. ते किती पळालं, काळीज किती धडधडलं, सगळं त्यात उतरायचं.

"बांधा, बांधा," आसाराम खो खो हसला. "ह्याचं काळीज बी घोरत आसंल."

रंगुबाईने झिपऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी पट्टा आवळला. "आजच्या दिस तरी माजी लाज राख रं बाबा," ती त्याच्या कानात म्हणाली. झिपऱ्याने जांभई दिली.

सकाळी टेम्पो आणि डॉक्टर एकदमच आले. टेम्पोवाल्याने मागचं फळकूट उघडलं. आसाराम डोळे चोळत उठला. झिपऱ्या आपल्या नेहमीच्या जागी गाढ झोपला होता, आणि त्याला तसा पाहून रंगुबाईने आशाच सोडली.

डॉक्टरांनी पट्टा सोडून लॅपटॉपला जोडला आणि त्या पडद्याकडे बघतच राहिल्या.

"मावशी, हा रात्रभर टेकलेलाच नाही हो! मेंढरं कोंडलेल्या जाळीभोवती नुसत्या फेऱ्यांवर फेऱ्या. दोनदा तर कुणाच्या तरी मागे जीव तोडून लांबवर पळालाय." त्यांनी झिपऱ्याच्या मांड्या चाचपल्या. "बघा, कशा तटतटल्यात. इतकं पळाल्यावर अंगात सूज चढणारच. ती विश्रांतीत उतरते, म्हणून हा दिवसा झोपतो. झोपू द्या त्याला. काळीज एकदम ठणठणीत आहे. धडधड वाढते तशी पटकन खालीही येते. रोजच्या पळण्यानेच ते असं झालंय."

रंगुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला हसूही आवरेना. तिने टेम्पोवाल्याला चहा पाजला आणि रिकामा वाटेला लावला. मग आसारामसाठी तूप लावलेली भाकरी उचलली आणि झिपऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

आसारामने भाकरीकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"माज्याच मागं मागं फिरत आसंल त्यो. मी बी रातभर फिरतोच की!"

रंगुबाईने तो पट्टा उचलला. त्याला चिकटलेले केस पदराने पुसले. मग तिने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहून घेतलं.

"डाक्टरीनबाई," ती म्हणाली, "ह्यो पट्टा मानसाला बसंल का वो?"