जावयासमोर दुखत नाही

"विचार त्यांना, कुठं दुखतंय," पडद्याकडे पाठ करून डॉक्टर लुकवागो नर्सला म्हणाले.

पडद्यापलीकडे खाटेवर त्यांच्या सासूबाई होत्या. युगांडातल्या बुगांडात जावयानं सासूच्या तोंडाकडे बघायचं नाही, अंगाला हात लावणं तर दूरच. लावला तर म्हणे हातपाय जन्मभर लटलटतात. सासूबाईंना कालपासून ताप होता, उलट्या होत होत्या; आणि त्या एवढ्याशा दवाखान्यात पोटाची शस्त्रक्रिया करणारा माणूस एकच. जावई.

"जावईबापूंना म्हणावं, काही नाही. केळ्याचं मटोके जरा जास्त खाल्लं," आतून उत्तर आलं.

"विचार, थोडं दुखतंय की सोसवत नाही?"

"म्हणावं, लेक दिली त्या घरासमोर मी कण्हायची नाही."

नर्स नाक्यांझीनं त्यांच्या गोमेसीचा, त्या पायघोळ झग्याचा, पट्टा सैल केला, पोट चाचपलं. "इथं? इथं? अन् इथं, उजवीकडं?"

"नाही. नाही. नाही गं बाई."

"डॉक्टर, नाही म्हणतात," नाक्यांझी कळवळली, "पण माझं मनगट पिरगाळताहेत."

दुखणं चेहऱ्यावर वाचायचं असतं, आणि नेमका तोच चेहरा लुकवागोंना बंद. उशीर झाला तर बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"बरं, मी चहाला चाललो!" ते मोठ्यानं म्हणाले. बूट आपटत गेले, दार लावून घेतलं, आणि बाहेरून त्यालाच कान लावून उभे राहिले.

"गेला का?"

"गेले." नाक्यांझीनं पुन्हा उजवीकडं हळूच दाबलं आणि हात झटकन उचलला.

"आई गं, मेले! हात काढलास कशाला, कार्टे!"

अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या. दाबताना नव्हे, सोडताना! अपेंडिक्स. लुकवागोंना निदान मिळालं, पण खरी पंचाईत पुढंच होती. मसाकाच्या मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत ते फुटलं असतं.

"नाक्यांझी," ते दाराबाहेरूनच म्हणाले, "त्यांना सांग, आत्ताच कापावं लागेल. आणि... हात माझाच लागेल."

आत खाट करकरली.

"म्हणावं, भूल दिलेली बाई कुणाची सासू नसते," सासूबाई म्हणाल्या. "पण मी शुद्धीवर यायच्या आत त्यांना बाहेर काढ."